समोरच्या बाईला वकील नव्हता

मावशी,
मी २७ वर्षांची, मूळची नाशिकची, चार वर्षं लंडनमध्ये आहे. बॅरिस्टर व्हायचं तर इथे वर्षभर उमेदवारी करावी लागते, तिला प्युपिलेज म्हणतात. माझी उमेदवारी कौटुंबिक कायद्याच्या चेंबर्समध्ये, म्हणजे बॅरिस्टरांच्या सामायिक कार्यालयात, चालू आहे. पहिले सहा महिने सुपरव्हायझरच्या मागे फिरले, एप्रिलपासून स्वतः उभी राहते. गेल्या महिन्यात मुलाला भेटण्याच्या एका अर्जात मी वडिलांकडून होते. आई एकटीच आली होती, वकील नव्हता. आम्हाला हवा तसा तात्पुरता आदेश मिळाला. अशील खूश, केस माझ्याकडे पाठवणाऱ्या सॉलिसिटरचीही छान मेल आली. मी बाहेर आले तर ती बाई जिन्यापाशी फोनवर रडत होती. "मला काहीच कळलं नाही गं, त्यांनी विचारलं आणि मी हो म्हणून बसले." तेव्हापासून मला नीट झोप नाही. हे कोणाशी बोलले नाही, कारण जुलैमध्ये चेंबर्स मला टेनन्सी, म्हणजे तिथली कायमची जागा, द्यायची की नाही ते ठरवणार. 'हिला झेपत नाही' असं कोणाला वाटायला नको. त्यात आई फोनवर म्हणते, लोकांची घरं मोडायला एवढ्या लांब गेलीस का? मी या कामासाठी फार हळवी आहे का? सोडून देऊ का?
— स.

प्रिय स.,

तुझं पत्र याच्या तिप्पट मोठं होतं. मुलाचं वय, वडिलांची नोकरी, कोर्टाचं नाव, सगळं मी काढून टाकलं आणि मूळ पत्रही पुसून टाकलं. ती बाई फोनवर कोणत्या भाषेत बोलत होती तेही छापत नाही. तुला ती भाषा कळत होती, एवढं पुरे. बंद दाराआड चाललेल्या मुलांच्या खटल्यातली माहिती बाहेर देणं हा तिकडे न्यायालयाचा अवमान ठरू शकतो. १९६० च्या ॲडमिनिस्ट्रेशन ऑफ जस्टिस ॲक्टचं बारावं कलम मी तुला शिकवायला नको. तरी तू लिहिलंस, कारण महिनाभर हे कोणापाशी बोलायला तुला जागाच नव्हती. पण पुन्हा असं कोणाला लिहू नकोस, मलासुद्धा नाही. हे बोलायची तुझी हक्काची जागा दुसरी आहे, तिच्याकडे येतेच.

मी पुण्यात बावीस वर्षं कौटुंबिक न्यायालयात समुपदेशक होते. तिथे रडणारी माणसं रोजचीच. तूही पहिल्या सहा महिन्यांत भरपूर पाहिली असशील, आणि तेव्हा तुझी झोप उडाली नव्हती. म्हणून 'हळवी' हा तुझा शब्द मला पटत नाही. त्या बाईच्या रडण्यापेक्षा तिचा तो 'हो' तुझ्या मनात रुतलाय. न कळता दिलेला 'हो', आणि तो तुझ्या बाजूच्या उपयोगी पडला. तुला जे बोचतंय ते खरंच चुकीचं आहे, आणि ते तुझ्या लक्षात आलं हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आता त्या चुकीतला तुझा वाटा किती, ते नीट पाहू. एप्रिल २०१३ मध्ये इंग्लंड आणि वेल्समध्ये आई विरुद्ध वडील अशा बहुतेक वादांसाठीची सरकारी कायदेशीर मदत बंद झाली. तू तेव्हा नाशिकला दहावीच्या आसपास असशील. घरगुती किंवा मुलाच्या छळाचा पुरावा असेल आणि उत्पन्न कमी असेल, तरच ती आता सहसा मिळते. मूल काढून घेण्यासाठी कौन्सिल, म्हणजे तिथलं स्थानिक प्रशासन, कोर्टात आलं, तर आईबापाला उत्पन्न न पाहता वकील मिळतो. पण नवऱ्याशी भांडण असेल आणि खिशात पैसे नसतील, तर बाई पिशवीत कागद घालून एकटी येते. ती त्या दिवशी एकटी उभी होती ते त्या निर्णयामुळे, तुझ्यामुळे नाही.

शिवाय तू तिच्यापासून काही जिंकून घेतलेलं नाहीस. तुमच्या १९८९ च्या चिल्ड्रन ॲक्टचं पहिलंच कलम सांगतं की मुलाचं हित सर्वांत वरचं. दोघं 'हो' म्हणाले तरी जज ते पाहतो. आणि आदेश तात्पुरता आहे, म्हणजे पुढची तारीख आहे. गरज वाटली तर कॅफकासचा, म्हणजे कोर्टाला मुलाच्या हिताबद्दल सल्ला देणाऱ्या सरकारी संस्थेचा, अधिकारी मधल्या काळात दोघांशी बोलेल, मूल पुरेसं मोठं असेल तर त्याच्याशीही बोलेल, आणि अहवाल देईल. मुलाला महिनोन् महिने न पाहिलेला बाप हाही त्या सकाळी घाबरलेलाच होता ना? त्याच्या बाजूने कोणीतरी नीट बोलावं म्हणून तुला पाठवलं होतं. तू ते केलंस. उद्या चेंबर्समधली कामं वाटणारा क्लार्क तुला एखाद्या आईचा ब्रीफ, म्हणजे तिची केस, देईल आणि तेव्हा तू तिच्यासाठी उभी राहशील. कोणतं अशील घ्यायचं ते आवडीनिवडीवर ठरवायचं नाही, हा तुमच्या बारचा जुना नियम आहे, आणि तो चांगला आहे.

एवढं सगळं खरं असूनही कॉरिडॉरमध्ये तुझ्या हातात काहीतरी होतं. यावर मला जरा थांबायचं आहे.

आमच्या कोर्टात एक ज्युनिअर वकील होती, तुझ्याच वयाची. समोरचा पक्षकार वकिलाशिवाय आला की ती पुकारा होण्याआधी त्याच्याकडे जायची. बाकावर शेजारी बसायची, उभ्याने कधी बोलायची नाही. सांगायची, "मी तुमच्या मिस्टरांची वकील आहे, तुमची नाही. तुम्हाला सल्ला देणं मला जमणार नाही. पण आज आत काय होणार ते सांगते." मग दोन-तीन साधी वाक्यं. बाहेर आल्यावर डायरीचा कागद फाडून त्यावर पुढची तारीख, मजला, कोर्टाचा नंबर आणि येताना आणायचे कागद लिहून द्यायची. तेवढंच. तिच्या सीनिअरला हे आवडायचं नाही, समोरच्या पार्टीचे लाड कशाला, म्हणायचे. पण मी माझ्या खोलीत त्या चिठ्ठ्या पाहिल्यात. बायका मंगळसूत्राच्या डबीत, पासबुकात घडी घालून ठेवायच्या. एकीला अक्षर ओळख नव्हती, ती दर वेळी माझ्याकडून वाचून घ्यायची आणि पुन्हा तशीच घडी घालायची. त्या वकिलीण बाईंनी एकही केस त्यामुळे हरलेली मला आठवत नाही.

तुमच्याकडे तर याची लेखी सोय आहे. बार काउन्सिल (बॅरिस्टरांची संघटना) आणि लॉ सोसायटीने (सॉलिसिटरांची) इतरांसह २०१५ मध्ये, वकील नसलेल्या पक्षकाराशी कसं वागावं यावर मार्गदर्शन काढलं. साधी भाषा, दबाव नाही, आणि स्वतंत्र सल्ला घ्या हे सांगायचं. पुढच्या वेळी चर्चेला बसण्याआधी त्या व्यक्तीला स्पष्ट सांग: इथे बाहेर माझ्याशी काही कबूल करायलाच हवं असं नाही, जे म्हणायचं ते आत जजना सांगता येईल. 'सपोर्ट थ्रू कोर्ट' नावाची संस्था सोबतीला माणूस देते, तिचं नाव सांग. आत गेल्यावर, ठरलेला मसुदा जजसमोर ठेवताना, "समोरच्या बाईंना हे एकदा समजावून सांगितलं तर बरं होईल," असं तूच म्हणू शकतेस. तुझ्या अशिलाचं त्यात नुकसान नाही. न समजलेला आदेश दोन शनिवारीही टिकत नाही. मग मूल दारात कपडे घालून उभं आणि पुन्हा अर्ज, हे मी इतक्यांदा पाहिलंय की मोजदाद नाही.

भाषेचं मात्र जपून. तुला तिची भाषा येते म्हणून तू तिची दुभाषी होऊ नकोस. एकाच वेळी दोघांची माणूस होता येत नाही, आणि तुझ्या अशिलाला वाटेल की आपली वकील आपल्याला न कळणारं काहीतरी बोलतेय. दुभाषी हवा असेल तर तो कोर्टाकडून यावा. तशी गरज दिसतेय हे न्यायालयाच्या कानावर घालणं वेगळं, ते जरूर कर.

आता बोलायच्या जागेकडे येते. तू हे सुपरव्हायझरपासून लपवलंस, आणि तुझ्या पत्रातली मला खरी काळजी वाटणारी गोष्ट हीच आहे. अगं, वर्षभर शेजारी एक अनुभवी माणूस देतात तो कशासाठी? जिन्यापाशी जे कानावर पडलं त्याचं काय करायचं, हा भावनेचा प्रश्न नाही, व्यावसायिक कर्तव्याचा आहे. एका बाजूला अशिलाची गुप्तता, दुसऱ्या बाजूला न्यायालयाशी प्रामाणिकपणा, आणि तुमच्यात न्यायालयाशी असलेलं कर्तव्य वरचढ. याचं उत्तर उमेदवारीतल्या मुलीने एकटीने रात्री दोन वाजता शोधायचं नसतं. उद्या सकाळी जा. "फार वाईट वाटतंय" अशी सुरुवात करू नकोस. म्हण: "त्या सुनावणीनंतर समोरच्या पक्षकाराचं असं असं वाक्य माझ्या कानावर आलं. मला काही करणं भाग आहे का? आणि चर्चेच्या वेळी मी वेगळं काय करायला हवं होतं?" हे ऐकून 'हिला झेपत नाही' असं कोणी म्हणणार नाही. मी लंडनमध्ये कौटुंबिक वकिली करणाऱ्या एका मैत्रिणीला, तुझं काहीही न सांगता, नुसतं विचारलं की असा प्रश्न घेऊन येणारा प्युपिल कसा वाटतो. ती म्हणाली, "न विचारणाऱ्यांचीच भीती वाटते." सुपरव्हायझरशी बोलणं अगदीच अशक्य असेल तर बार काउन्सिलची एथिक्सची हेल्पलाइन आहे, तिथे फोन कर.

झोपेबद्दल थोडक्यात. संध्याकाळी पाच-सहाला क्लार्क उद्याचा ब्रीफ पाठवणार, तीनशे पानांचा बंडल, त्यातल्या मारहाणीचं सगळं वाचून मध्यरात्री आडवं व्हायचं आणि सहाला उठून भलत्याच टोकाच्या कोर्टात जायचं. अशाने कोणाचीही झोप उडेल. सुनावणीत काय झालं त्याची अटेंडन्स नोट कोर्टाच्या इमारतीतच किंवा गाडीत लिहून संपव, घरी आणू नकोस. अजून दोन आठवड्यांत झोप सुधारली नाही तर जीपीला, तुझ्या तिथल्या डॉक्टरला, दाखव. वकिलांसाठी लॉकेअर म्हणून संस्था आहे, ती ऐकून घेते.

आईचं बोलणं लागलंय ना? तिने घरं मोडलेली फक्त ऐकली असतील. तिला सांग, लोक माझ्याकडे येतात तेव्हा घर आधीच मोडलेलं असतं. पोराने शनिवारी कुठे जायचं, चप्पल कोणाच्या दारात काढायची, एवढं आम्ही ठरवतो. आणि तिला तुमच्या नाशिकचीच एक गोष्ट सांग. कॉर्नेलिया सोराबजी तिथे १८६६ साली जन्मल्या. १८९२ मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली, पण बाई म्हणून वकिली करायची वाट १९१९ च्या कायद्याने उघडेपर्यंत थांबावं लागलं. मधली कितीतरी वर्षं त्या पडद्यातल्या बायकांसाठी झटल्या, ज्यांना कोर्टात जाऊन स्वतःचं म्हणणं मांडताच येत नव्हतं. तुझ्या आईला हे नक्की आवडेल.

सोडायचं का? आत्ता ठरवू नकोस. माझं मत विचारशील तर नको सोडूस. टेनन्सी मिळाली नाही तर 'थर्ड सिक्स', म्हणजे आणखी सहा महिन्यांची उमेदवारी, आहे, दुसरी चेंबर्स आहेत, तो तुझ्या लायकीवरचा शेवटचा शिक्का नव्हे. आणि असा प्रश्न विचारला म्हणून तुला नाकारणारी चेंबर्स निघाली, तर तिथे आयुष्य काढायला मी माझ्या मुलीलाही पाठवलं नसतं.

सुपरव्हायझरशी बोलून झालं की मला दोन ओळी लिही. खटल्याचं काही नको. झोप लागली की नाही, तेवढंच कळव.

— मावशी