प्रश्न तुमचे : कला-वाणिज्याच्या पदवीनंतर डिजिटल माध्यमनिर्मिती

प्रश्न : मी इतिहास विषय घेऊन बी.ए. झाले. गणित दहावीनंतर सुटले ते सुटलेच. डिजिटल माध्यमनिर्मितीचे पदव्युत्तर शिक्षण घेण्याची इच्छा आहे; परंतु प्रवेश मिळेल का, आणि मिळालाच तर वर्गात माझा निभाव लागेल का, ही शंका सतावते. पुण्यातील एका खासगी संस्थेने ‘एका वर्षात पदविका आणि नोकरीची हमी’ असे सांगून लगेच पैसे भरण्याचा आग्रह धरला आहे. काय करावे?
– एक वाचक, हरिपूर (जि. सांगली)

उत्तर : प्रवेशाची शंका आधी मिटवू. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील जनसंवादाचे एम.ए. असो किंवा दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामियातील १९८२ साली सुरू झालेल्या मास कम्युनिकेशन केंद्राचे, पदवी कोणत्या शाखेची हा तेथे अडसर नसतो. पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्येही दिग्दर्शन व संकलनाला कोणतीही पदवी चालते. ध्वनीच्या अभ्यासक्रमाला मात्र बारावीला भौतिकशास्त्र लागते, त्यामुळे ते दार तुमच्यापुरते बंद समजावे.

निभावाचा प्रश्न अधिक मोलाचा आहे. तांत्रिक भाग असतो, तो नाकारण्यात अर्थ नाही; पण त्यातले बरेचसे गणित सातवीच्या पुढचे नसते. आपल्याकडील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने ट्यूबलाइटचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमी-अधिक होतो. कॅमेऱ्याचा शटर १/६० सेकंदावर राहिला, तर चित्रात काळसर पट्टे सरकताना दिसू शकतात आणि १/५० केला की बहुधा नाहीसे होतात. असल्या गोष्टी पहिल्या सत्रात अंगवळणी पडतात. अंगवळणी पडायला वेळ लागतो तो निवड करण्याच्या कामाला.

तुमच्याच गावाचे उदाहरण घ्या. हरिपूरच्या हळदीच्या पेवांवर, म्हणजे हळद साठवण्याच्या जमिनीखालील कोठारांवर, तीन मिनिटांचा माहितीपट करायचा आहे आणि एका वृद्ध हमालाची चाळीस मिनिटांची मुलाखत हाती आहे. ‘महापुरात पेवात पाणी शिरले’ असे ते म्हणाले, तर तो महापूर २००५ चा की २०१९ चा, हे तिथल्या तिथे विचारण्याचे भान इतिहासाच्या विद्यार्थिनीला असते. पुढे संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये तुकडे क्रमाने जुळवायला, म्हणजे टाइमलाइनवर, बसल्यावर कळते की, ते उत्तर देण्यापूर्वी चार सेकंद गप्प राहिले होते आणि ती शांतता कापली तर बोलण्यातला जीवच जातो. त्यानंतर पेवाच्या तोंडावरच दृश्य ठेवून मार्केट यार्डातल्या सौद्याचा गलका आधी ऐकू येऊ द्यावा आणि यार्ड नंतर दाखवावे, हा निर्णय कोणतेही सॉफ्टवेअर तुमच्यासाठी घेत नाही. हा माहितीपट फोनवर का होईना, प्रवेश परीक्षेआधी करून पाहा. मुलाखतीत बोलायला स्वतःचे काहीतरी असेल.

आता त्या खासगी संस्थेविषयी. पदविका आणि पदवी यांत फरक आहे. पुढे महाविद्यालयात शिकवण्याचा विचार असेल, तर नेट-सेट या अध्यापनाच्या पात्रता परीक्षांसाठी पदव्युत्तर पदवीच लागते आणि खुल्या प्रवर्गाला त्यात ५५ टक्के गुण लागतात. तीन वर्षांच्या बी.ए.नंतर ही पदवी साधारणपणे दोन वर्षांची असते. केवळ व्यवसायात उतरायचे असेल, तर चांगली पदविकाही पुरते. परंतु ती चांगली आहे की नाही हे माहितीपत्रकावरून ठरत नाही. प्रत्येक विद्यार्थ्याला एडिटिंगच्या संगणकावर आठवड्याला किती तास मिळतात, एका कॅमेऱ्यामागे किती जण असतात आणि मागील तुकडीतल्या विद्यार्थ्यांनी स्वतः केलेले काम पाहायला मिळेल का, हे तेथे प्रत्यक्ष जाऊन विचारा. नोकरीची हमी लेखी मागा. बोलण्याचा सूर लगेच बदलतो, असा माझा अनुभव आहे. तोवर पैसे भरू नयेत.

प्रश्न : मुलगा बी.कॉम. आहे. याच अभ्यासक्रमासाठी आधीच भारी लॅपटॉप हवा म्हणतो. घ्यावा का?
– एक पालक, तासगाव

उत्तर : प्रवेशापूर्वी घेऊ नये. संस्थेत कोणते सॉफ्टवेअर शिकवतात हे कळल्यावरच यंत्र ठरवावे. तोपर्यंत सरावासाठी दाविंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती आहे. साध्या लॅपटॉपवर ती अडखळते, पण मूळ फुटेजच्या हलक्या प्रती, म्हणजे प्रॉक्सी, तयार करून काम केले तर बरेच निभावते. शिवाय त्याने निर्मिती-व्यवस्थापनाकडेही पाहावे, कारण चित्रीकरणाचे अंदाजपत्रक मांडणे आणि रोजचा खर्च जुळवणे हे काम हिशेबाची सवय असलेल्यालाच नीट जमते. खर्च करायचाच असेल, तर एक कॉलर माईक आणि दोन हार्ड डिस्क घ्या. सेकंदाला १०० मेगाबिटने केलेले एका तासाचे चित्रीकरण सुमारे ४५ जीबी जागा घेते, आणि त्याची एकच प्रत असून भागत नाही.