जुने गेम लिनक्सवर: आधी फाइल ओळखा, मग वाइन उघडा

प्रश्न थोडक्यात असा आहे: १९९० ते २००२ या काळातल्या दहा-बारा गेमच्या सीड्या आहेत, लॅपटॉपवर फक्त लिनक्स आहे. वाइन (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारा प्रोग्राम) टाकून प्रत्येक सीडीवरच्या सेटअपवर डबलक्लिक करून पाहिलं. निम्मे उघडतच नाहीत, एक गेम वाऱ्यासारखा पळतो, दोघांत संगीत नाही. आणि शेवटी विचारलंय की वाइनचं कुठलं व्हर्जन घ्यावं. व्हर्जन बदलून यातलं फारसं काही सुटणार नाही. तुमच्या यादीतले निदान निम्मे गेम वाइनचं गिऱ्हाईकच नाहीत.

म्हणून पहिलं काम टर्मिनलमध्ये. 'फाइल' नावाची छोटी आज्ञा प्रत्येक लिनक्सवर मिळते. (आज्ञा आणि सेटिंगं इथे देवनागरीत लिहितोय, टंकताना अर्थातच रोमन.) गेमच्या मुख्य एक्झी (म्हणजे प्रोग्रामच्या) फाइलवर ती चालवा आणि उत्तरात काय येतं ते बघा. नुसतं 'एमएस-डॉस एक्झिक्युटेबल' आलं, किंवा 'एलई' आणि 'डॉस४जीडब्ल्यू' दिसलं, तर तो डॉसचा गेम, त्याला डॉसबॉक्स, म्हणजे डॉसच्या जुन्या संगणकाची नक्कल करणारा प्रोग्राम. 'एनई' आलं तर विंडोज ३.१ च्या काळातला १६ बिटी प्रोग्राम, त्याचं शेवटाकडे बघू. 'पीई३२' आलं तरच तो ३२ बिटी विंडोजचा, आणि तिथे वाइनचं खरं काम सुरू होतं. हीच आज्ञा सेटअपच्या फाइलवरही चालवा. गेम 'पीई३२' आणि त्याचा सेटअप मात्र 'एनई' ही जोडी विंडोज ९५ च्या काळात सर्रास सापडते, आणि गोंधळ बहुतेक वेळा तिथेच होतो. १९९५-९६ च्या काही सीड्यांवर डॉस आणि विंडोज अशा दोन्ही एक्झी असतात. अशा वेळी डोळे मिटून डॉसची घ्या.

पण डॉसबॉक्स आणि वाइन या दोघांच्याही आधी एक गोष्ट तपासा: त्या गेमचं इंजिन (गेम चालवणारा मूळ प्रोग्राम) कोणी नव्याने लिहिलंय का? लिहिलं असेल तर जुनी एक्झी चालवायचीच गरज नाही, सीडीवरच्या चित्रांच्या, आवाजांच्या आणि नकाशांच्या फाइली पुरतात. 'डूम'चा सोर्स १९९७ च्या डिसेंबरात आणि 'क्वेक'चा १९९९ च्या डिसेंबरात खुला झाला, त्यामुळे त्यांच्या नव्या इंजिनांची तर रांगच लागलीय. मूळ अनुभव जसाच्या तसा हवा असेल तर चॉकलेट डूम, थोडी सोय हवी असेल तर क्रिस्पी डूम, क्वेकसाठी क्वेकस्पॅझम. 'डायब्लो'साठी डेव्हिल्यूशनएक्स, त्याला सीडीवरची फक्त 'डायबडॅट' ही एमपीक्यू फाइल लागते. 'ट्रान्सपोर्ट टायकून डिलक्स'साठी ओपनटीटीडी, आणि त्याला तर मूळ सीडीही लागत नाही, कारण ओपनजीएफएक्स हा मोफत चित्रसंच आहे. 'रोलरकोस्टर टायकून २'साठी ओपनआरसीटी२, 'हीरोज ३'साठी व्हीसीएमआय, 'मॉरोविंड'साठी ओपनएमडब्ल्यू.

पॉइंट-अँड-क्लिक साहसकथा असतील तर सरळ स्कमव्हीएम. 'मंकी आयलंड', सिएराचे बहुतेक गेम, 'ब्रोकन स्वोर्ड', 'ब्लेड रनर' सगळे त्यात चालतात. सीडीवरचा फोल्डर डिस्कवर उतरवा, 'अॅड गेम' दाबा, फोल्डर दाखवा. तो गेम स्वतः ओळखतो.

या मार्गात एकच खाच आहे. डॉस आणि विंडोजला फाइलच्या नावातलं लहान-मोठं अक्षर कळत नाही, लिनक्सला कळतं. सीडीवरून उतरवलेल्या फाइली कधी सगळ्या मोठ्या अक्षरांत असतात, तर काही नव्या इंजिनांना लहान अक्षरांतलीच नावं हवी असतात. 'डेटा सापडला नाही' असा संदेश आला की फाइल हरवली असं समजू नका. आधी नावं लहान अक्षरांत करून बघा. डॉसबॉक्स, वाइन आणि स्कमव्हीएम हे तिघं हा फरक आपापल्या परीने सांभाळून घेतात, तिथे ही अडचण सहसा येत नाही.

आता डॉसबॉक्स. मूळ ०.७४ ऐवजी त्याची सुधारित आवृत्ती डॉसबॉक्स स्टेजिंग घ्या. मिडी (सुरांच्या सूचनांवरून वाजवलं जाणारं संगीत) आणि पडद्याच्या बाबतीत ते बरंच पुढे आहे. प्रत्येक गेमला स्वतंत्र फोल्डर आणि त्यातच त्याची स्वतंत्र कॉन्फ (सेटिंगांची) फाइल ठेवा. सगळ्यांना एकच कॉन्फ वापरलीत तर एकाचा वेग जुळवताना दुसऱ्याचा बिघडवाल.

सीडीपासून सुरुवात करू, कारण संगीत बहुतेकदा तिथेच हरवतं. त्या काळातल्या बऱ्याच गेमचं संगीत फाइलीत नसून सीडीवर ऑडिओ ट्रॅक म्हणून असे, 'क्वेक' त्यातलाच. अशा सीडीची आयएसओ (एका फाइलीतली नक्कल) काढली की फक्त डेटाचा ट्रॅक येतो, गाणी मागेच राहतात. त्यासाठी बिन आणि क्यू अशी जोडी काढावी लागते. सीडीआरडीएओ या सीडी उतरवण्याच्या आज्ञेने 'रीड-सीडी' करा, मग त्याच्याच 'टॉक२क्यू'ने क्यू फाइल बनवा. काढताना ड्रायव्हर म्हणून 'जेनेरिक-एमएमसी' देऊन पुढे कोलन आणि '०एक्स२००००' जोडा, नाहीतर ऑडिओच्या बाइट उलट्या क्रमाने येतात. गाण्याच्या जागी कानठळ्या बसवणारी खरखर ऐकू आली तर कारण हेच. डॉसबॉक्समध्ये मग 'इमेजमाउंट डी', क्यू फाइलचा पत्ता आणि '-टी आयएसओ'. दोन-तीन सीड्या असतील तर सगळ्यांचे पत्ते एकाच ओळीत द्या आणि खेळताना कंट्रोल एफ४ ने बदला. क्वेकस्पॅझममध्ये हेच ट्रॅक ऑग करून 'आयडी१' फोल्डरातल्या 'म्युझिक' फोल्डरात 'ट्रॅक०२' पासूनच्या नावांनी ठेवले की वाजतात.

वेग म्हणजे 'सायकल्स'. एका मिलिसेकंदात किती सूचना पाळायच्या, त्याचा हा आकडा. मूळ 'ऑटो' सेटिंग साध्या डॉस गेमला ३००० देतं आणि प्रोटेक्टेड मोडमध्ये (प्रोसेसरच्या जास्त मेमरी देणाऱ्या पद्धतीत) गेलेल्या गेमला जमेल तितकं. १९९० च्या आसपासच्या गेमला ३००० बहुधा पुरतात. ३८६ वर ३३ मेगाहर्ट्झसाठी अंदाजे ६०००, ४८६ वर ६६ मेगाहर्ट्झसाठी २५,००० च्या आसपास, सुरुवातीच्या पेंटियमसाठी ५०,००० ते ६०,०००. खेळता खेळता कंट्रोल एफ११ ने कमी, कंट्रोल एफ१२ ने जास्त. योग्य आकडा सापडला की कॉन्फमध्ये कायमचा लिहून टाका. 'जास्त म्हणजे चांगलं' हा गैरसमज मात्र इथे महागात पडतो. 'रनटाइम एरर २००' दाखवून गेम सुरुवातीलाच मेला, तर तो टर्बो पास्कलमध्ये लिहिलेला आहे एवढं नक्की समजा. त्याच्या सीआरटी युनिटमध्ये सुरुवातीला एक मोजणी होते: घड्याळाच्या एका टिकेत, म्हणजे ५५ मिलिसेकंदांत, किती फेऱ्या झाल्या ते मोजून ५५ ने भागायचं. प्रोसेसर खूप वेगवान असला की उत्तर १६ बिटांत मावत नाही आणि भागाकार कोसळतो. सायकल्स १०,००० च्या खाली आणून बघा, बहुतेकदा एवढ्याने भागतं.

आवाजासाठी गेमचा स्वतःचा सेटअप किंवा सेटसाउंड चालवा आणि साउंड ब्लास्टर १६ (त्या काळचं साउंड कार्ड) निवडा: पत्ता २२०, आयआरक्यू ७, डीएमए १, हाय डीएमए ५. बरेच गेम स्वतःहून आयआरक्यू ५ धरतात. एकच आवाज अडकलेल्या रेकॉर्डसारखा वाजत राहिला किंवा पहिल्याच आवाजाला गेम गोठला, तर आयआरक्यू चुकलाय. संगीतासाठी जनरल मिडी असेल तर पत्ता ३३० द्या आणि स्टेजिंगच्या कॉन्फमध्ये मिडीडिव्हाइस 'फ्लुइडसिंथ' करून एक साउंडफॉन्ट (वाद्यांच्या आवाजांचा संच) जोडा. रोलंड एमटी-३२ साठी लिहिलेलं संगीत जनरल मिडीवर वाजवू नका, वाद्यांचे क्रमांक वेगळे असल्याने भलतंच ऐकू येतं. त्यासाठी 'एमटी३२' हा पर्याय आहे, पण त्याला मूळ यंत्राच्या रॉम फाइली लागतात.

पडद्यावर माणसं बुटकी आणि रुंद दिसत असतील तर 'अॅस्पेक्ट' सेटिंग बंद आहे. ३२० बाय २०० चं चित्र तेव्हाच्या ४:३ पडद्यावर उभं ताणलं जाई, म्हणजे ठिपका चौरस नव्हता, रुंदीपेक्षा उंच होता. बरोबर प्रमाण राखून पूर्णांकात वाढवायचं तर आडवं पाचपट आणि उभं सहापट, म्हणजे १६०० बाय १२०० लागतं. १०८० ओळींच्या पडद्यावर ते मावत नाही, तिथे किंचित मऊ कडा सहन करा.

वाइन एम्युलेटर नाही, हे त्याच्या नावातच आहे. प्रोसेसरची नक्कल न करता तो विंडोजच्या हाका लिनक्सच्या भाषेत करून देतो. म्हणून तिथे सायकल्सची कळ नाही आणि जुना गेम आजच्या प्रोसेसरच्या पूर्ण वेगाने धावतो. तुमचा पळणारा गेम हाच. उपाय त्याने चित्र कशाने काढलंय त्यावर ठरतो. डायरेक्टड्रॉ असेल (१९९६ ते २००० चे बहुतेक २डी गेम) तर सीएनसी-डीड्रॉ घ्या: त्याची डीड्रॉ डीएलएल (मदतनीस प्रोग्रामची फाइल) गेमच्या फोल्डरात ठेवा, वाइनसीएफजी या वाइनच्या सेटिंगांच्या खिडकीतल्या लायब्ररीज भागात 'डीड्रॉ' जोडून 'नेटिव्ह, मग बिल्टइन' करा. ही दुसरी पायरी विसरली की वाइन स्वतःचीच डीएलएल वापरतो आणि काहीच बदलत नाही. मग त्याच्या आयएनआय फाइलमध्ये 'मॅक्सगेमटिक्स' ६० करा. डायरेक्ट३डी ८ किंवा ९ असेल तर डीएक्सव्हीके (डायरेक्ट३डीच्या हाका व्हल्कनच्या भाषेत करून देणारा प्रोग्राम) आणि 'डीएक्सव्हीके_फ्रेम_रेट' हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल. थ्रीडीएफएक्सच्या जुन्या ३डी कार्डांच्या ग्लाइड पद्धतीसाठी डीजीव्हूडू २ च्या ग्लाइड डीएलएल, पण त्या पुढे डायरेक्ट३डी ११ वापरतात, म्हणून सोबत डीएक्सव्हीके हवंच. स्टीमबाहेरच्या डायरेक्टड्रॉ गेमसाठी मुद्दाम प्रोटॉन (स्टीमचा वाइन) घेण्यात अर्थ नाही.

प्रत्येक गेमला वेगळं 'वाइनप्रिफिक्स' (वाइनचा स्वतंत्र फोल्डर, जणू वेगळं विंडोज) द्या. ३२ बिटी लायब्रऱ्या टाकल्यात ना तेही बघा. डेबियन घराण्यात आधी आय३८६ आर्किटेक्चर जोडावं लागतं. गेम बंद केल्यावर डेस्कटॉप ६४० बाय ४८० वरच अडकत असेल तर वाइनसीएफजीत व्हर्च्युअल डेस्कटॉप सुरू करा, किंवा गेमस्कोपमधून (गेमला स्वतंत्र पडदा देणारा प्रोग्राम) चालवा. मिडी संगीत नसेल तर गेम सुरू करण्याआधी फ्लुइडसिंथ एका साउंडफॉन्टसह अल्सा सिक्वेन्सरवर (लिनक्सची मिडी पोचवणारी व्यवस्था) चालू ठेवा. वाइनला वाजवणारा कोणीतरी समोर लागतो. मधल्या चित्रफिती काळ्या दिसत असतील तर त्या बहुधा इंडिओ कोडेकच्या आहेत, वाइनट्रिक्समधलं 'आयकोडेक्स' टाका.

आता ती 'एनई' सेटअपची जोडी. ६४ बिटी विंडोज १६ बिटी प्रोग्राम मुळीच चालवत नाही, वाइन मात्र चालवू शकतो. गंमत आहे, पण खरी. तरी काही वितरणांत वाइन नव्या वाव६४ (३२ बिटी प्रोग्राम ६४ बिटी यंत्रणेवर चालवण्याच्या) पद्धतीने बांधलेला येतो आणि तिथे हे अडू शकतं. मग सेटअपला वळसा घाला: फोल्डरात 'डेटा१' नावाची कॅब आणि एचडीआर फाइल असेल तर 'अनशील्ड'ने उघडते. डिजिटल दुकानातून घेतलेल्या इनो सेटअपला 'इनोएक्स्ट्रॅक्ट'. अशा तऱ्हेने उघडलेला गेम कधीकधी 'मी इन्स्टॉलच झालो नाही' म्हणतो. त्याला रजिस्ट्रीत त्याच्या फोल्डरचा पत्ता हवा असतो, तो वाइनच्या रेजएडिटमधून हाताने भरा. 'डिस्कवर जागा नाही' असं म्हणणारा जुना सेटअपही याच वळशाने टळतो. शेकडो गिगाबाइट मोकळे असताना त्याचा ३२ बिटी आकडा ऋण होतो, म्हणून तो तसं बोलतो.

सेफडिस्क या नक्कलविरोधी संरक्षणाच्या सीड्यांवर फार वेळ घालवू नका. ते संरक्षण ड्रायव्हरच्या पातळीवर चालतं. विंडोज १० मध्ये तो ड्रायव्हरच नाही, आणि मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये आधीच्या आवृत्त्यांतही तो बंद केला. वाइनमध्ये काही आवृत्त्या चालतात, काही नाहीत. त्या गेमची संरक्षणाशिवायची डिजिटल प्रत विकत मिळत असेल तर तीच घ्या.

एवढं करूनही एखादा अडलाच तर ८६बॉक्स. त्यात मदरबोर्डपासून व्हूडू कार्डापर्यंत अख्खं यंत्र उभं करून विंडोज ९८ टाकता येतं. पण तुमच्या प्रोसेसरचा एकेक कोअर दमदार हवा, पेंटियम २३३ ची नक्कलही जड जाते. शिवाय विंडोजची प्रत आणि रॉम फाइली तुम्हालाच आणाव्या लागतील.

पुढच्या वेळी विचाराल तेव्हा अडलेल्या प्रत्येक गेमसाठी एवढं द्या: 'फाइल' आज्ञेचं उत्तर (गेम आणि सेटअप दोन्हींचं), सीडीवर ऑडिओ ट्रॅक आहेत का, आणि वाइन टर्मिनलमधून चालवल्यावर शेवटच्या वीसेक ओळी. सुरुवातीच्या 'फिक्समी' म्हणणाऱ्या ओळी पाठवू नका, त्या चांगल्या चालणाऱ्या गेमलाही येतात.