शून्यसुद्धा लिहायचं

कोल्हापूर, श्रावण

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र परवाच मिळालं. समुद्रपक्ष्यांचं सर्वेक्षण करायचं म्हणतेस, आणि घरी विचारतात की कोल्हापुरात राहून कसला समुद्र मोजणार? त्यांना सांग, गगनबावड्यावर पाऊस कोसळवणारा वारा आधी देवगड-मालवणवरून येतो. येताना खोल समुद्रातली थकलीभागली पाखरं तिथल्या वाळूवर टाकतो. जून-जुलैत मासेमारीला बंदी, होड्या काठावर ओढलेल्या. तेव्हा घाट उतरायचा आणि किनारा पायी पालथा घालायचा. मेलेला मास्क्ड बूबी (खोल समुद्रातला मोठा पक्षी) सापडला तरी त्याची जागा, तारीख, फोटो, सगळं नोंदवायचं. आणि किती किलोमीटर चाललीस तेही.

हे शेवटचं वाक्य विसरू नकोस, कारण त्यात माझी एक चूक दडलेली आहे. पहिल्यांदा मालवणहून होडीने बाहेर गेलो तेव्हा दोन तास एकही पाखरू दिसलं नाही. मी वही मिटून बसलो. पुढे सुरयांचा (म्हणजे टर्न पक्ष्यांचा) थवा आला तेव्हा भराभर लिहिलं. घरी येऊन नकाशावर टिंबं मांडली, आणि हात थांबला. टिंबं नव्हती तिथे पाखरं नव्हती, की माझी वही मिटलेली होती? ते आता कुणालाच सांगता येणार नाही. समुद्राचा अमुक तुकडा पक्ष्यांसाठी मोलाचा आहे असं म्हणायचं, तर बाजूचा तुकडा तितका मोलाचा नाही हे दाखवावं लागतं. म्हणून दर दहा मिनिटांची ओळ भरायचीच. पक्षी नसेल तर शून्य.

आता पद्धत. होडीच्या एकाच बाजूला, ज्या बाजूला डोळ्यांवर ऊन येत नाही त्या बाजूला, ३०० मीटर रुंदीचा पट्टा धरायचा आणि त्यातलेच पक्षी मोजायचे. पाण्यावर ३०० मीटर ओळखणं महाकठीण; खुणेला झाड नाही, खांब नाही. मी पेन्सिल वापरतो. हात सरळ ताणून धरायची, वरचं टोक क्षितिजाला लावायचं. डोळे पाण्यापासून ४ मीटर उंच आणि पेन्सिल डोळ्यापासून ६० सेंटिमीटरवर असेल, तर पेन्सिलीवर ३०० मीटरची रेघ टोकापासून जेमतेम ७ मिलिमीटर खाली येते. त्या रेघेच्या खाली दिसणारा पक्षी पट्ट्यात, वरचा बाहेर. होडी बदलली की उंची बदलते, रेघही नव्याने काढायची.

उडणाऱ्या पक्ष्यांचं गणित वेगळं. ते होडीपेक्षा वेगाने जातात. येईल तो मोजत बसलीस तर आकडा भलताच फुगतो. म्हणून ठरावीक वेळाने एका क्षणाचा फोटो काढल्यासारखं बघायचं आणि त्या क्षणी पट्ट्यात असतील तेवढेच धरायचे. होडी १० नॉटने (तासाला साधारण साडेअठरा किलोमीटर) चालली असेल तर मिनिटाला साधारण ३०० मीटर कापते, म्हणजे दर मिनिटाला पट्ट्याचा नवा तुकडा समोर येतो, म्हणून मिनिटाला एकदा. ट्रॉलरच्या (मोठं जाळं ओढणाऱ्या मासेमारी बोटीच्या) मागे लागलेले कुरव, म्हणजे सीगल, वेगळ्या रकान्यात टाक. ते माशांच्या आशेने आलेत, त्या जागेसाठी नाही.

एवढी कटकट कशासाठी, असं वाटेल. एखाद्या जातीच्या जगातल्या एकूण पक्ष्यांपैकी १ टक्का पक्षी एखाद्या ठिकाणी नियमित येतात असं दाखवता आलं, तर ती जागा जागतिक महत्त्वाची ठरू शकते. उत्तर अटलांटिकमध्ये पक्ष्यांच्या अंगावर छोटी यंत्रं बसवून त्यांचा माग काढला, अनेकांनी आपापली माहिती एकत्र केली, आणि २०२१ साली खुल्या समुद्रातलं जवळपास सहा लाख चौरस किलोमीटरचं क्षेत्र संरक्षित जाहीर झालं. म्हणजे जवळजवळ दोन महाराष्ट्र! आपल्याकडे वेंगुर्ल्यासमोरच्या समुद्रातल्या वेंगुर्ला रॉक्स या खडकांवर सुरयांची वीण होते हे माहीत आहे. पण पिल्लांसाठी मासे आणायला ते कुठवर जातात, कोणत्या पाण्यावर त्यांचं पोट चालतं, हे होडीतूनच कळणार. (विणीच्या दिवसांत त्या खडकांवर उतरू मात्र नकोस. पक्षी उठले की अंडी उन्हात उघडी राहतात.)

विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल पहिल्यांदा दिसेल तेव्हा लिहायचंच विसरशील. बुलबुलाएवढं काळं पाखरू, अंटार्क्टिकाकडच्या बेटांवर जन्मलेलं, आपल्या पाण्यावर पाय आपटत चालल्यासारखं उडतं. मीही नुसता बघतच राहिलो होतो. बघ, पोटभर बघ. मग घड्याळ पाहून ती ओळ भर.

सप्टेंबरात समुद्र शांत झाला की होडीने जाऊ. तोवर रविवारी सकाळी सात वाजता रंकाळ्यावर, संध्यामठाच्या बाजूला ये. पाणकावळे मोजू, मिनिटाला एकदा. पेन्सिल आण, पट्टी माझ्याकडे आहे.

तुझा,
सर