बंदी असलेल्या शेअरवाल्याकडे अडकलेले पैसे

प्रश्न : म्हापशातल्या एका गृहस्थाने दरमहा ४ टक्के खात्रीचा नफा सांगून शेअरसाठी माझ्याकडून ३ लाख रुपये स्वतःच्या खात्यात घेतले. त्याच्यावर सेबीची (शेअर बाजाराची नियामक संस्था) बंदी असल्याचे आता कळले. काय करू? – वाचक, पर्वरी

उत्तर : पैसे नुकतेच ऑनलाइन दिले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, रक्कम पुढे सरकण्यापूर्वी खाते गोठले तरच उपयोग. मग रायबंदरच्या सायबर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. सोबत बँकेचा उतारा आणि व्हॉट्सॲपचे पूर्ण संभाषण जोडा. नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत, मोबाइल जपून ठेवा.

सेबीच्या ‘स्कोअर्स’ या ऑनलाइन तक्रार व्यवस्थेवर मात्र वेळ घालवू नका. तिथे सेबीकडे नोंदणीकृत संस्था आणि शेअर बाजारातल्या सूचिबद्ध कंपन्या यांच्याविरुद्धच्याच तक्रारी चालतात. हा माणूस एखाद्या दलालाचा अधिकृत प्रतिनिधी असल्याचे सांगत होता का? स्टॉक एक्सचेंजच्या यादीत नाव तपासा आणि त्या दलालालाही लिहा. पण प्रतिनिधीला ग्राहकाचे पैसे स्वतःच्या खात्यात घेताच येत नाहीत, त्यामुळे दलाल बहुधा हात झटकेल. कॉन्ट्रॅक्ट नोट (दलालाकडून येणारी व्यवहाराची नोंद) आली नसेल, डिमॅट खात्यात काही दिसत नसेल, तर शेअर घेतलेच नव्हते असे धरा.

नोंदणीशिवाय दलाली करणे हा सेबी कायद्याच्या कलम १२ चा भंग. कलम २४ खाली १० वर्षांपर्यंत कैद किंवा २५ कोटींपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण या शिक्षेने तुमचे पैसे आपोआप परतत नाहीत. वसुलीचा दावा वेगळा, सहसा तीन वर्षांच्या आत. ‘हातउसने घेतले असे लिहून देतो’ म्हणाला, तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही नको.