पेटी दुकानातून घ्यावी की मोबाइलवरून?

खानापूरच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. दहा वर्षांची लेक दोन वर्षं पेटी शिकते आहे, आता घरी स्वतःची पेटी हवी. बेळगावातल्या वाद्यांच्या दुकानात साडेतीन सप्तकांची, दुहेरी रीडची पेटी 18,200 रुपयांना आहे. तसंच वर्णन असलेली पेटी ऑनलाइन 13,900 ला मिळते, तीही नऊ महिन्यांच्या ‘बिनव्याजी’ हप्त्यावर. पेटीसाठी लावलेल्या आरडीचे 15,000 दसऱ्याला हाती येतील. घरखर्च महिना 38,000, अडीअडचणीसाठी बाजूला 90,000. “दुकान जुनं आहे, माणसं ओळखीची आहेत, पण 4,300 रुपये कमी नाहीत,” असं त्या लिहितात.

ताई, 4,300 कमी नाहीतच. ते दहा वर्षं 8 टक्क्यांनी वाढले तर सव्वानऊ हजारांच्या वर जातात. ‘गावातल्या माणसाला मदत करा’ एवढं सांगून मी तुमच्या खिशात हात घालणार नाही. पण पेटीची किंमत घेतल्या दिवशी संपत नाही. मिक्सर आणि पेटी यात हाच फरक आहे.

तुमच्या पेटीत 42 पट्ट्या, दुहेरी म्हणून प्रत्येकीला दोन, म्हणजे 84 रीड. प्रत्येक रीड म्हणजे पितळेची एक बारीक जीभ. मागे बेळगावातल्या एका दुकानात मी कारागिराला काम करताना पाहत बसलो होतो. पेटी उघडून त्याने एक रीड काढली, जिभेच्या टोकाला कानस अगदी हलकी फिरवली, परत बसवून भाता मारला आणि कान देऊन ऐकलं. टोकाला घासलं की स्वर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. जरा जास्त चढला, म्हणून मुळाशी एकदा फिरवली, पुन्हा बसवली, पुन्हा भाता. एका रीडला एवढं, आणि अशा 84. हे काम कुरिअरने होत नाही.

त्यात तुमचा खानापूर तालुका. कणकुंबी-जांबोटीकडचा पाऊस मी वेगळा सांगायला नको. लाकूड ओल धरतं, पट्ट्या अडकतात, सूर हलतात. पेटीला वर्षातून एकदा तरी जाणता हात लागणारच.

आता तुम्हीच विचारून कळवलेले आकडे मांडू. दुकानातून घेतली तर दोन वर्षं वर्षाला एक ट्यूनिंग फुकट. बाहेरून आणलेल्या पेटीला ते 1,500 घेतात. म्हणजे ऑनलाइनची पेटी दोन वर्षांत 16,900 ला पडली. फरक उरला 1,300. दुकान स्वस्त आहे असं मी म्हणत नाही, 1,300 ने महागच आहे. पण लेकीने दोन वर्षांच्या आत शिकणं सोडलं तर पेटी निम्म्या किमतीला परत घेऊ, असं दुकानदार म्हणाले आहेत. म्हणजे 9,100 रुपये. दहा वर्षांच्या मुलीचा छंद टिकेल की नाही हे आज कुणालाच ठाऊक नाही, म्हणून मला या शब्दाची किंमत 1,300 पेक्षा खूप जास्त वाटते. मात्र तो शब्द बिलावर लिहून घ्या. ओळख आहे म्हणून लाजू नका, ओळख आहे म्हणूनच लिहून घ्या.

ऑनलाइन खरेदीत ग्राहकाला आधार नाही असं नव्हे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने राहत्या ठिकाणच्या जिल्हा आयोगातही तक्रार करता येते. पण आमच्याकडे एका संकेतस्थळावरून पेटी मागवली होती, ती बेसूर निघाली. ‘वाद्य वाजतं, म्हणजे दोष नाही,’ असं उत्तर आलं आणि परतीचे सात दिवस त्या पत्रव्यवहारातच गेले. कायदा हाताशी होता, पण रियाज महिनाभर बंद पडला तो पडलाच.

‘बिनव्याजी’ हप्त्याचंही सांगतो. त्यात बँक व्याज लावतेच. तेवढी सूट किमतीत दाखवतात, आणि त्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी व प्रक्रिया शुल्क बहुधा तुमच्या माथी येतं. एक हप्ता चुकला की कार्डाचं व्याज सुरू. आरडी येणारच आहे, मग या फंदात कशाला पडायचं?

म्हणून माझं मत सरळ आहे: दुकानातूनच घ्या. फरक सात-आठ हजारांचा असता तर मी दुसरं सांगितलं असतं. आणि हे 1,300 मला वाया गेलेले वाटत नाहीत. नामवंत पेटीवादक पंडित रामभाऊ विजापुऱ्यांच्या बेळगावात, खानापूरपासून जवळच, पेटी उघडून बसणारा माणूस असणं ही लेकीच्या शिक्षणातलीच एक सोय आहे. तिथे पेट्या वाजवून पाहायच्या आणि घेताना मोबाइल काढायचा, असं सगळ्यांनीच केलं तर उद्या प्रत्येक अडलेल्या पट्टीसाठी मिरज नाहीतर हुबळी गाठावी लागेल. स्टँड, खोळ, मोबाइलचा ट्रायपॉड खुशाल ऑनलाइन घ्या. त्यात कारागिराचा हात लागत नाही.

पैशांची सोय अशी करा. आरडी मोडू नका, दसऱ्यापर्यंत थांबा. तेव्हा 15,000 रोख द्या, उरलेले 3,200 दोन महिन्यांत 1,600 प्रमाणे. दुकानदार एवढं थांबतील, विचारून बघा. 90,000 ना हात लावू नका, ते जेमतेम सव्वादोन महिन्यांचा खर्च भागवतील. पेटी झाली की दर महिन्याला तेच 1,600 तिकडे टाकत राहा.

घ्यायला जाल तेव्हा लेकीला आणि तिच्या शिक्षकांना सोबत न्या. प्रत्येक पट्टी एकेकटी दाबून ऐका, आणि एकही पट्टी न दाबता भाता भरून बघा. तेव्हा आवाज आला, तर ती पेटी बाजूला ठेवून दुसरी काढायला सांगा.