जुनं पिनबॉल घरी आलंय? आधी एवढंच बघा

अभिनंदन! पण घोडबंदरच्या फ्लॅटवर मशीन चढवलं म्हणून लगेच प्लग लावू नका. अमेरिकेतून आलेली जुनी मशिनं बहुतेक ११५ व्होल्टच्या जोडणीवर असतात. आपल्या २३० वर थेट लावली तर फ्यूज उडतो, किंवा ट्रान्सफॉर्मरच जळतो. आतलं लेबल इलेक्ट्रिशियनला दाखवा.

मग उतार. पायांचे स्क्रू फिरवून तो साधारण साडेसहा अंश ठेवा. काच काढून मोबाइल थेट खेळाच्या फळीवर ठेवून मोजा. काचेवरचं माप फसवतं. उतार कमी पडला की गोळी रेंगाळते आणि सगळी मजाच जाते.

नेहमीच्या चुका:

- फ्लिपर (गोळी परत वर मारणारा दांडा) जड वाटला की तेल सोडणं. तो हलवणाऱ्या कॉइलमधली (तारेच्या वेटोळ्यातली) नायलॉनची नळी कोरडीच चालते. तेलात काळी धूळ बसते आणि फ्लिपर अडकतो. नळी बदला.
- गंजकी गोळी. ठाण्याच्या पावसाळ्यात ८० ग्रॅमची ती पोलादी गोळी लवकर गंजते, मग फळीवरच्या चित्रावर फिरती कानसच! बोटाला खरखर लागली की नवी टाका.
- दोन्ही फ्लिपरची बटणं एकदम दाबणं. त्यांच्या मधली फट उलट वाढते. गोळी घरंगळत येतेय तोच फ्लिपर उचलून धरा, ती थांबेल. मग नेम धरा.

टिल्टचा लोलक (मशीन जास्त हलवलं की खेळ थांबवणारा) मात्र काढू नका. हलका धक्का देणं हाही खेळच आहे. सोल्डरिंगचं नंतर बघू.