आईला घेऊन कराटेला येतोयस तर

अरे,

तुझा मेसेज वाचला. रात्री पावणेबाराला पाठवलायस म्हणजे बराच वेळ टाइप करून पुसून पाठवला असणार. "काका, मी, आई आणि छोटी तिघं कराटे लावायचं म्हणतोय, आई त्रेपन्नची आहे, लोक हसतील का?" तर आधी उत्तर देऊन टाकतो. हसतील, आठवडाभर, आणि सगळ्यात जास्त छोटी, तुझी बहीणच हसेल. नंतर कोणाला वेळ नसतो कारण प्रत्येकाचं लक्ष स्वतःच्या दुखणाऱ्या मांड्यांकडे असतं.

मी स्वतः ४३व्या वर्षी उभा राहिलो हे तुला माहितीये. मुलीला क्लासला सोडायचो आणि गच्चीच्या कठड्याला टेकून पेपर वाचायचो, एक दिवस सर म्हणाले तासभर नुसते बसताय त्यापेक्षा मागच्या लाइनीत उभे राहा. राहिलो. आज चौदा वर्षं झाली, ब्राऊन बेल्टवर अडकलोय, ब्लॅकच्या परीक्षेत एकदा आपटलोय, आणि नव्या लोकांना उभं राहायला शिकवणं हे काम सरांनी माझ्या गळ्यात घातलंय. त्यामुळे पहिल्या तीन महिन्यांत माणसं का सोडून जातात हे मी फार जवळून बघितलंय, आणि घरातली माणसं एकत्र आली की ती किकमुळे नाही, एकमेकांमुळे सोडतात.

म्हणजे कसं ते सांगतो. कराटेत लाइन लागते ती बेल्टप्रमाणे, वयाप्रमाणे नाही. माझी मुलगी तेव्हा अकरा वर्षांची, माझ्यापेक्षा दोन बेल्ट पुढे. जोडीने प्रॅक्टिस करताना आधी एकमेकांना वाकून नमस्कार करायचा असतो, त्याला रेई म्हणतात, आणि मी ज्या पोरीचं दप्तर भरून द्यायचो तिच्यासमोर वाकायचं म्हणजे मला कसंतरीच व्हायचं. त्यात तिने एकदा सगळ्यांसमोर सांगितलं, "बाबा, मागचा गुडघा वाकतोय." मी पटकन म्हणालो गप गं, मला कळतं. सरांनी ऐकलं. ओरडले वगैरे नाहीत, फक्त उरलेला तास मला तिच्या मागे उभं केलं आणि म्हणाले ती करेल तसं करा. घरी जाताना स्कूटरवर दोघंही गप्प. गुडघा खरंच वाकत होता रे, तेच तर दुखणं होतं.

तुझ्या घरी हे उलटं होणार. तू फुटबॉल खेळलेला, तुझं शरीर पटकन उचलेल, आणि तू आईला सुधारायला जाशील. जाऊ नकोस. तिचा हात चुकला, पाय चुकला, वळायच्या दिशेला सगळे डावीकडे आणि ती एकटी उजवीकडे गेली तरी तुझं तोंड बंद. सुधारायला सर आहेत. जेवताना तर विषयच काढू नकोस, नाहीतर तिसऱ्या आठवड्यात तिला अचानक दळण आणायचं असेल, पाहुणे येणार असतील, आणि क्लास सुटला हे कोणाच्या लक्षातही येणार नाही. छोटीच्या बाबतीतही तेच, फक्त ती तुला सुधारेल, आणि तेव्हा तू ऐकायचंस.

आता क्लास कसा निवडायचा. याबाबतीत मी ठेच खाल्लीये. आत्ताच्या सरांकडे यायच्या आधी मुलीला दुसऱ्या एका ठिकाणी घातलं होतं, नाव सांगत नाही. पहिल्याच दिवशी वर्षाची फी, ड्रेस, मेंबरशिप, बॅग, सगळं एकदम घेतलं, तिसऱ्या आठवड्यात बेल्ट एक्झाम, त्याची फी वेगळी, आणि पोरगी यलो बेल्ट घेऊन घरी आली तेव्हा तिला मूठ नीट वळता येत नव्हती, अंगठा आत घालायची. अशा मुठीने काही मारलं तर आधी स्वतःचाच अंगठा जातो. अंगठा बाहेर, पहिल्या दोन बोटांवर घट्ट, आणि लागायचं ते तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मुळाच्या हाडांनी, हे पहिल्या दिवशी शिकवायचं असतं.

म्हणून आधी दोन वेळा नुसता बघायला जा. बोर्डवर ग्रँडमास्टर लिहिलंय का, भिंतीवर किती मेडल लटकलीयेत हे बघू नकोस, वर्गातल्या सगळ्यात कच्च्या पोराशी सर कसे बोलतात ते बघ. पट्टीने मारत असतील तर परत फिर. दोन वर्षांत ब्लॅक बेल्ट नक्की असं कोणी छातीठोक सांगितलं तरी परत फिर. गॅदरिंगला कौलं फोडणं, पोटावरून मोटरसायकल नेणं हे टाळ्यांसाठी असतं, त्यावरून शिकवणं कळत नाही. आणि आईचं बीपी, तुझं जुनं घोट्याचं दुखणं हे सर स्वतःहून विचारतात का ते बघ. नाही विचारलं तर तू सांग, पण विचारणारा मिळाला तर त्याला सोडू नकोस.

स्टाईल कुठली, शोतोकान की गोजू की शितो, यावर यूट्यूबवर लोक भांडतात, तू पडू नकोस त्यात. आपल्या भागात जो चांगला शिकवणारा आहे त्याची जी स्टाईल ती आपली. आमची शोतोकान. ती ज्यांच्यामुळे पसरली ते गिचिन फुनाकोशी ओकिनावातले शाळामास्तर होते, १९२२ साली टोकियोत प्रात्यक्षिक द्यायला गेले तेव्हा ५३ वर्षांचे, म्हणजे बरोब्बर तुझ्या आईच्या वयाचे. आता ते लहानपणापासून शिकत होते त्यामुळे उदाहरण तंतोतंत लागू नाही, पण आईला सांगताना हा भाग गाळलास तरी चालेल.

बेल्टचं पण एक सांगतो, तू विचारलंयस किती दिवसांत रंग बदलतो म्हणून. हा प्रकार मुळात कराटेचा नाहीच, ज्युदो सुरू करणाऱ्या जिगोरो कानोंकडून उचललेला, फुनाकोशींनी आपल्या शिष्यांना पहिले ब्लॅक बेल्ट दिले ते १९२४ मध्ये, आणि हे पिवळे हिरवे निळे रंग त्यानंतर आले. रंगांचा क्रमही प्रत्येक क्लासचा वेगळा. मुलांना रंगाने हुरूप येतो, येऊ दे, छोटीला तो रंग कपाटाच्या हँगरला सगळ्यांना दिसेल असा लावू दे. तू मात्र मोजत बसू नकोस.

पहिले तीन महिने काय होतं? उभं राहणं आणि चालणं. खोटं नाही सांगत. झेनकुत्सू दाची म्हणून एक उभं राहणं आहे, पुढचा गुडघा वाकलेला, मागचा पाय ताठ, त्यात गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं, प्रत्येक पावलाला एक पंच, वळायचं, परत यायचं. पंच मारणारा हात सगळ्यांना दिसतो पण दुसरा हात कमरेशी ओढून घ्यायचा असतो आणि तो नव्या माणसाचा हमखास हवेत राहतो. कोब्यावर अनवाणी चालून अंगठ्याखालची कातडी सोलते, दुसऱ्या दिवशी कमोडवर बसता उठता आई आठवते. तुला कंटाळा येईल. तुझ्या आईला येणार नाही बघ, रोज तेच काम नीट करायची तिला सवय आहे, आणि सुरुवातीला शेवटाला बसतात ते सेइझा म्हणजे आपलं वज्रासनच, ती योगवाली, आरामात बसेल, तुझे मात्र घोटे ओरडतील.

तिला फक्त एका गोष्टीचा त्रास होईल, किआईचा. जोर लावताना पोटातून जो आवाज काढायचा तो. आमच्याकडे एक काकू आहेत, चार महिने त्यांच्या तोंडातून "अगं बाई" एवढंच बाहेर पडायचं, तेही हळू. सरांनी कधी टोकलं नाही. एक दिवस मागे दप्तर पडलं, त्या दचकल्या आणि जो काही आवाज निघाला त्याने खालच्या मजल्यावरचे लोक वर आले. तेव्हापासून व्यवस्थित निघतो.

मग काता येईल, म्हणजे ठरलेल्या क्रमाने एकट्याने करायच्या हालचाली. त्यातला हेइआन शोदान, २१ हालचाली, डावीकडे वळून खालचा ब्लॉक इथून सुरुवात. आपल्या हॉलमध्ये करायला गेलं की अर्ध्यात सोफा येतो, मी अजून फ्रीजपाशी जाऊन अडकतो. घरी तिघांनी मिळून करा, पण रोज दहाच मिनिटं, आणि कोण चुकलं ते बोलायचं नाही, परत तेच सांगतोय कारण तेच महत्त्वाचं आहे.

फाईट लगेच मागू नकोस. आणि सहा महिने झाले म्हणून रात्री स्टेशनवर कोणी अंगावर आला तर पाय उचलायला जाऊ नकोस, पाकीट दे आणि पळ. छोटीला शाळेत हात चालवायचा नाही हे आधीच सांग, कराटेत पहिला वार आपला नसतो असं फुनाकोशींच्या वीस नियमांतच आहे. ऑलिंपिकचं स्वप्न कोणी दाखवलं तर एवढं लक्षात ठेव की टोकियोत २०२१ मध्ये कराटे होतं, पॅरिसला नव्हतं, २०२८ ला लॉस एंजेलिसलाही नाही.

ड्रेस आत्ता घेऊ नका, महिनाभर ट्रॅक पँट टी-शर्ट चालतो, आणि घ्याल तेव्हा कॉटनचा आकसतो हे धरून छोटीचा एक साईज मोठा घ्या. शनिवारी साडेसहाला या, दहा मिनिटं आधीच. तिघांची नखं कापलेली हवीत, हाताची आणि पायाची, आणि आईला सांग बांगड्या, अंगठी, गळ्यातलं घरीच ठेवून ये. छोटीला वाटेत वडापाव देऊ नकोस. आणि आकडे जपानीत मोजतात, इच, नी, सान, शी. चारला शी. ती "शी" ऐकून फिस्सकन हसणार, तिच्या बाजूची पोरं पण हसणार, दर बॅचला होतं, सर तिथे दोन सेकंद थांबतातच.

काका